पोरी, नुसतं ‘पीडीएफ’ म्हणू नकोस

ग्रामसभेच्या ऑफिसातलं कॉम्प्युटरचं काम तू हाती घेतलंस, मला फार बरं वाटलं. आता गावाचे ठराव, वनहक्काचे दावे, तेंदूचे हिशेब, नकाशे, सगळं तुझ्या हातून जाणार. म्हणून मोठी बहीण या नात्याने एक गोष्ट आत्ताच कानावर घालते. फाईल एका फॉरमॅटमधून दुसऱ्या फॉरमॅटमध्ये न्यायची असली की कॉम्प्युटरला नुसतं ‘पीडीएफ कर’ किंवा ‘वर्ड कर’ असं कधी सांगायचं नाही. कोणती पीडीएफ, कोणतं वर्ड, कोणतं व्हर्जन, हे दर वेळी नाव घेऊन सांगायचं. कमांड देऊन काम करणार असशील तर हे दुप्पट लक्षात ठेव, कारण तिथे ‘तुम्हाला नक्की काय हवंय’ असं विचारायला खिडकी उघडत नाही. तू सांगितलं नाहीस तर प्रोग्रॅम आपल्या मनाने ठरवतो आणि ते तुला कळवतही नाही.

आपल्या भागात दुकानात जाऊन कुणी नुसतं ‘तांदूळ द्या’ म्हणतं का गं? एचएमटी हवा की दुसरा कोणता, हे सांगावंच लागतं. नागभीड तालुक्यातल्या नांदेडच्या दादाजी खोब्रागडेंनी एकेक लोंबी पारखून तो वाण काढला, म्हणून त्याला स्वतःचं नाव आहे. पीडीएफचंही तसंच समज. पहिली पीडीएफ 1993 साली आली. 1.4 हे व्हर्जन 2001 चं. 1.7 आलं 2006 मध्ये आणि दोन वर्षांनी ते आयएसओचं आंतरराष्ट्रीय मानक झालं. 2.0 आलं 2017 मध्ये. शिवाय वर्षानुवर्षं जपायच्या कागदांसाठी पीडीएफ/ए नावाची वेगळी शाखा आहे, तिचं पहिलं मानक 2005 चं. बाहेरून सगळ्यांच्या नावाला शेपूट एकच, आतून प्रत्येकीचे नियम वेगळे.

काहून एवढा आग्रह, म्हणशील. तर वनहक्क कायदाच आठव. इतर पारंपरिक वननिवासींना 13 डिसेंबर 2005 च्या आधी किमान तीन पिढ्या, म्हणजे 75 वर्षं, जंगलात राहत असल्याचं दाखवावं लागतं. म्हणजे 1930 च्या आसपासचं काहीतरी पुढे ठेवायचं. मग लोक गावाच्या जंगल-वापराच्या हक्कांचं निस्तार पत्रक शोधतात, जुने नकाशे शोधतात, चांदा जिल्हा होता त्या काळातल्या बंदोबस्ताच्या नोंदी शोधतात. आपला भाग 1956 पर्यंत मध्य प्रांत आणि मग मध्य प्रदेशात होता, त्यामुळे त्या कागदांत इंग्रजी आहे, हिंदी आहे, मराठी आहे. कागद पिवळा पडलेला असतो, कडा कुरतडलेल्या असतात, पण हातात घेतला की वाचता येतो. तो उघडायला कुठलं सॉफ्टवेअर लागत नाही. तू आज जो ठराव टाइप करशील तो अजून 75 वर्षांनी कुणाला तरी असाच पुरावा म्हणून लागणार आहे. त्या माणसाकडे कोणता कॉम्प्युटर असेल ते आपल्याला माहीत नाही. म्हणून आपल्या हातात आहे तेवढं तरी नीट सांगून ठेवायचं.

धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा)चं उदाहरण तर तुला पाठच आहे. 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर त्यांचा सामूहिक हक्क मान्य झाला आणि 27 एप्रिल 2011 ला तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. देवाजी तोफा आणि गावकरी, मोहन हिराबाई हिरालाल यांची वृक्षमित्र संस्था, गावातला अभ्यासगट, यांनी कित्येक वर्षं बसून बोलून, सर्वसहमतीने निर्णय घेऊन, ते लिहून ठेवले. चंद्रपूर जिल्ह्यातल्या गोंडपिपरी तालुक्यात पाचगावला 2012 मध्ये हक्क मिळाला. लोक बांबू बघतात, पैसा बघतात. मला त्यामागचा कागद दिसतो. ठराव लिहिलेला होता, तारीख होती, सह्या होत्या आणि मागितला तेव्हा तो दाखवता आला.

आता कामाचं बोलू.

कुठलीही फाईल आली की आधी ती खरंच काय आहे ते बघ. नावाच्या शेवटी डॉक लिहिलंय म्हणून ती डॉकच असेल असं धरून चालू नकोस. घाईत कुणीतरी डॉकएक्सचं शेवटचं अक्षर खोडून डॉक करतं, कारण समोरच्या ऑफिसने ‘डॉकमध्येच पाठवा’ म्हटलेलं असतं. नाव बदललं तरी आतला माल तोच राहतो. तुझ्या मशीनवर लिनक्स आहे, त्यात ‘फाइल’ नावाची छोटी कमांड आहे. तिच्यापुढे फाईलचं नाव लिही. जुनी डॉक असेल तर ती ‘कंपोझिट डॉक्युमेंट फाइल’ असं काहीतरी सांगेल, नवी असेल तर ‘मायक्रोसॉफ्ट वर्ड 2007 प्लस’. डॉकएक्स ही मुळात झिप केलेली फाईल आहे. तिचे पहिले दोन बाइट पी आणि के ही अक्षरं असतात, कारण झिप फॉरमॅट बनवणाऱ्या फिल कॅट्झ यांची ती आद्याक्षरं. पीडीएफ असेल तर तिच्या अगदी पहिल्या ओळीत टक्क्याच्या खुणेनंतर पीडीएफ, मग व्हर्जनचा आकडा लिहिलेला असतो. पीडीएफइन्फो ही कमांड चालवलीस की तो आकडा, पानं, कागदाचा आकार, सगळं सरळ वाचायला मिळतं.

हे बघितल्याशिवाय पुढची कमांड द्यायची नाही. पॅनडॉक हे साधन फार चांगलं आहे, पण ते डॉकएक्स वाचतं, जुनी डॉक वाचत नाही. तिथे तू नाव बदलून दिलंस तर तासभर डोकं धरून बसशील.

जुनी डॉक उघडायची असेल तर लिब्रेऑफिस. ते खिडकी न उघडताही चालतं. सॉफिस लिहायचं, मग डॅश डॅश हेडलेस, मग डॅश डॅश कन्व्हर्ट-टू आणि त्यापुढे काय करायचं ते. इथेच बहुतेक जण नुसतं ‘डॉक’ किंवा ‘पीडीएफ’ लिहून एंटर मारतात. तसं चालतंही. पण कोलन देऊन पुढे फिल्टरचं नाव लिहिता येतं आणि तू ते लिहावंस. डॉकपुढे कोलन देऊन अवतरणात ‘एमएस वर्ड 97’ लिहिलंस की जुनं डॉक मिळतं. डॉकएक्सपुढे ‘एमएस वर्ड 2007 एक्सएमएल’ लिहिलंस की नवं. दोन वर्षांनी ती कमांड दुसऱ्या कुणी वाचली तरी कोणतं वर्ड हवं होतं ते त्याला कळतं. आणि हो, जुन्या व्हर्जनमध्ये लिब्रेऑफिसची खिडकी आधीच उघडी असेल तर हेडलेसची कमांड काही न करता गुपचूप संपायची. म्हणून आधी सगळ्या खिडक्या बंद कर, मग कमांड दे, मग फोल्डरमध्ये नवी फाईल खरंच तयार झाली का ते डोळ्यांनी बघ.

तू म्हणशील, माउसने क्लिक करून होतंय ना सगळं, मग हे कशाला? एकच फाईल असेल तर खुशाल क्लिक कर. पण महाग्रामसभेचं काम येतं तेव्हा एका तालुक्यातल्या सगळ्या गावांचे ठराव एकदम येतात. प्रत्येक फाईलवर क्लिक करताना एखादीत चुकीचा पर्याय निवडला जातो आणि तो कुठे राहिला ते सापडत नाही. कमांडमध्ये एकदा लिहिलं की सगळ्या फाईलींना तोच नियम. शिवाय भामरागडकडचं तुला माहीतच आहे. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की पुलावरून पाणी जातं आणि रस्ता बंद होतो, नेटही जातं. फाईल बदलून देणाऱ्या वेबसाइटच्या भरवशावर तिथे काम होत नाही. मशीनवरच बसवलेलं, नेटशिवाय चालणारं साधन हवं. आणि पाठवलेली फाईल समोर उघडली नाही, पुन्हा पाठवा, असं झालं तर कित्येकदा पुन्हा पाठवायला मार्गच नसतो. पहिल्याच खेपेला नीट जायला हवी.

आता जो भाग मला सगळ्यात जास्त छळतो, तो नीट ऐक. कृतिदेव.

जुन्या ठरावांच्या फोल्डरमध्ये अर्ध्याहून अधिक फाईली कृतिदेवमध्ये टाइप केलेल्या सापडतील, काही शिवाजीमध्ये, काही सुरेखमध्ये. पडद्यावर छान मराठी दिसते. पण आत मराठी नाहीच. आत इंग्रजी अक्षरं आहेत, फॉन्ट त्यांना मराठीचं रूप देतो. ‘गाव’ हा शब्द घे. फाईलमध्ये तो एक्स, के, ओ असा साठवलेला आहे. ‘गडचिरोली’ घे. एक्स, मोठा एम, एफ, पी, जे, के, एस, वाय, एच. त्यात ‘चि’ची वेलांटी, म्हणजे तो एफ, ‘च’च्या आधी बसलाय, कारण टाइपरायटरवर वेलांटी आधी मारायची सवय होती. युनिकोडमध्ये मात्र आधी ‘च’ आणि मग वेलांटी. म्हणून नुसती अक्षराला अक्षर अशी बदली करून भागत नाही, क्रमही बदलावा लागतो. रफाराचं तर आणखी अवघड. ‘वर्ष’, ‘मार्ग’, ‘निस्तार हक्क नोंदणीसंदर्भात’ असले शब्द बदलून झाल्यावर एकेक करून वाचावे लागतात.

अशी कृतिदेवची फाईल तू तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर हेडलेस कमांडने पीडीएफ केलीस तर काय होईल? प्रोग्रॅम दुसरा फॉन्ट लावेल आणि ठरावाच्या जागी इंग्रजी अक्षरांचा कचरा कायमचा पीडीएफमध्ये बसेल. खिडकी नाही, इशारा नाही. कमांड यशस्वी झाल्यासारखीच दिसते. फॉन्ट असलेल्या मशीनवर केलीस तर पान सुंदर दिसेल, छापलं तर सुंदर छापलं जाईल. पण त्या पीडीएफमध्ये ‘गडचिरोली’ शोधायला गेलीस तर सापडणार नाही, कारण तो शब्द तिथे नाहीच. उद्या कुणी शंभर ठरावांतून आपल्या गावाचं नाव, आपला वनकक्ष क्रमांक शोधायला बसला तर त्याच्या हाती काही लागणार नाही. आणि पीडीएफ/ए-1बी हे व्हर्जन एवढंच बघतं की पान नेहमी जसंच्या तसं दिसेल. आतलं अक्षर खरं मराठी आहे की नाही, हे ते तपासत नाही. तपासणी पास होईल आणि तरी तो दस्तऐवज मुका राहील.

म्हणून क्रम असा ठेव. आधी कृतिदेवचं युनिकोड कर. मग गावातल्या कुणाला तरी शेजारी बसवून मूळ छापील प्रतीशी ताडून वाच, विशेषतः माणसांची नावं, आडनावं, गट क्रमांक, हेक्टरचे आकडे. मडावी, उसेंडी, पोटावी, आत्राम, ही नावं हक्काच्या यादीत एका मात्रेने चुकली तर पुढे किती चकरा होतात हे तुला सांगायला नको. मगच पीडीएफ. या पायरीला घाई चालत नाही. बाकीचं सगळं मशीन करेल, ही माणसानेच करायची पायरी आहे.

युनिकोडलाही व्हर्जन असतात, हे लक्षात असू दे. देवनागरी 1991 पासून त्यात आहे, पण ‘ॲप’मधला ‘ॲ’ स्वतंत्र अक्षर म्हणून आला तो 2008 च्या 5.1 मध्ये. जुन्या मशीनवर, जुन्या फॉन्टमध्ये त्याच्या जागी चौकोन दिसतो. आणि आपल्यासाठी याहून मोठी गोष्ट, मसराम गोंडी लिपी युनिकोडमध्ये आली ती 2017 मध्ये, 10.0 या व्हर्जनला. मंगलसिंग मसराम यांनी बालाघाटकडे 1918 च्या सुमारास ती लिपी घडवली, आणि कॉम्प्युटरच्या जगात तिला स्वतःची जागा मिळायला शंभरेक वर्षं गेली. गुंजाला गोंडी त्यापुढच्या वर्षी, 11.0 मध्ये. गावातल्या पोरांनी उद्या गोंडीत काही लिहून आणलं तर तुझ्या मशीनवर 2017 नंतरचा फॉन्ट हवा, नाहीतर सगळे चौकोन. तो आजच बसवून ठेव. आपली भाषा दिसत नाही म्हणून एखादी पोर खाली मान घालून परत जाऊ नये, मला एवढंच वाटतं.

आता पीडीएफची कमांड. लिब्रेऑफिस 7.4 किंवा त्यानंतरचं असेल तर कमांडमध्येच पीडीएफचं व्हर्जन सांगता येतं. ‘पीडीएफ’ कोलन ‘रायटर अंडरस्कोर पीडीएफ अंडरस्कोर एक्स्पोर्ट’ कोलन आणि पुढे महिरपी कंसात ‘सिलेक्टपीडीएफव्हर्जन’, त्याचा टाइप लाँग आणि व्हॅल्यू. ही व्हॅल्यू महत्त्वाची. 1 लिहिलंस तर पीडीएफ/ए-1बी, 2 लिहिलंस तर 2बी, 3 लिहिलंस तर 3बी. 15, 16, 17 लिहिलंस तर साधी पीडीएफ, अनुक्रमे 1.5, 1.6, 1.7. तुझं लिब्रेऑफिस कोणतं आहे ते सॉफिस डॅश डॅश व्हर्जन लिहून विचार. कधी विंडोजवर बसलीस तर अवतरण चिन्हांचा गोंधळ होतो, तिथे प्रत्येक आतल्या अवतरणापुढे उलटी तिरपी रेघ द्यावी लागते.

कोणतं कुठे वापरायचं? साध्या ठरावाला, हजेरीपटाला, पत्राला 1बी. ही शाखा पीडीएफ 1.4 वर उभी आहे, त्यामुळे बऱ्याच जुन्या मशीनवरही उघडते. तिच्यात सगळे फॉन्ट आत बसवावेच लागतात, पासवर्ड लावता येत नाही, बाहेरच्या कशावर अवलंबून राहता येत नाही. आपल्याला हवं ते नेमकं हेच. नकाशा असेल तर 2बी घे. कारण जंगलाच्या नकाशावर आपण उपग्रहाच्या चित्रावर अर्धपारदर्शक रंग चढवतो, गावाची सीमा, कक्षांची सीमा, देवराई, नाले, असे एकावर एक थर असतात. 1बीला पारदर्शकता चालत नाही, 2बीला चालते. 3बी सध्या बाजूला ठेव. त्यात दुसऱ्या कुठल्याही फाईली आत जोडता येतात, पण त्या जोडलेल्या फाईली पुढे उघडतील याची हमी ते मानक देत नाही.

जुन्या कागदांचं स्कॅन केलंस तर तिथे ओसीआरमायपीडीएफ वापर. डॅश एल देऊन भाषा ‘एमएआर’ म्हणजे मराठी आणि डॅश डॅश आउटपुट-टाइप देऊन ‘पीडीएफए-1’ किंवा ‘पीडीएफए-2’. न सांगितल्यास ते 2 च्या बाजूला जातं. टाइप केलेल्या पानावर ते बऱ्यापैकी वाचतं. हातच्या अक्षरासाठी त्याच्यावर विसंबू नकोस, तिथे तूच बसून टाइप कर.

फाईल फार मोठी झाली, सरकारी पोर्टल घेत नाही, म्हणून ती लहान करायची वेळ येते. तिथे घोस्टस्क्रिप्ट कामाला येतं. त्यात डॅश डी कम्पॅटिबिलिटीलेव्हल इज इक्वल टू 1.4 असं व्हर्जन सांगता येतं. पण नीट ऐक, 1.4 केलं म्हणजे ती पीडीएफ/ए झाली असं नाही. त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आधी पीडीएफ/ए करून नंतर घोस्टस्क्रिप्टमधून साधी पीडीएफ म्हणून काढलीस तर जपणुकीचा गुण निघून जातो. लहान केलेली प्रत पोर्टलसाठी, मूळ पीडीएफ/ए ग्रामसभेच्या कपाटासाठी. क्यूपीडीएफ नावाच्या साधनात फोर्स-व्हर्जन असा पर्याय दिसेल. तो नुसता वरचा आकडा बदलतो. आत नव्या व्हर्जनची पारदर्शकता असली तरी ती तशीच राहते आणि वर मात्र जुनं व्हर्जन लिहिलेलं. त्याला हात लावू नकोस.

आणि एक अगदी जपून करायची गोष्ट. डिजिटल सही असलेली पीडीएफ, म्हणजे महाभूमीवरून काढलेला सातबारा किंवा सरकारी निर्णय, कधीच कुठल्याही कमांडमधून बदलून काढायची नाही. नवी फाईल लिहिली गेली की सही तुटते आणि तो कागद नुसतं चित्र उरतो. ती जशी आली तशीच ठेव, प्रत करून ठेव, पण रूप बदलू नकोस. लोकांच्या आधारच्या पीडीएफला तर पासवर्ड असतो, ती दाव्याच्या फोल्डरमध्ये टाकूच नकोस. लोकांनी विश्वासाने दिलेलं असतं ते.

झालं की तपास. पीडीएफफॉन्ट्स चालवलंस की प्रत्येक फॉन्टपुढे एक रकाना येतो, फॉन्ट आत बसवला आहे की नाही. तिथे ‘नो’ दिसलं तर परत कर. आणि व्हेरापीडीएफ नावाचं मोफत साधन आहे, त्याला डॅश डॅश फ्लेवर 1बी असं सांगितलं की ती फाईल त्या मानकात बसते की नाही ते सांगतं. तिथेही व्हर्जनचं नाव घे, मोघम विचारू नकोस.

आता तेंदूचा हिशेब. एप्रिल-मे आला की हेच तुझं मुख्य काम होईल. 70 पानांचा एक पुडा, 1,000 पुड्यांची एक प्रमाण गोणी, रोजच्या रोज कोणत्या कुटुंबाने किती पुडे आणले याची नोंद. एका गावाचं ठीक आहे. पण तालुक्यातल्या ग्रामसभा एकत्र आल्या, समज 5,000 कुटुंबं आणि हंगाम 14 दिवसांचा, तर 70,000 ओळी झाल्या. जुन्या एक्सएलएस फॉरमॅटमध्ये एका पानावर 65,536 ओळींपेक्षा जास्त मावत नाहीत. तू ‘एक्सएलएस कर’ म्हणून हेडलेस कमांड दिलीस तर उरलेल्या ओळी बाहेर राहतील. खिडकीत काम करताना निदान इशारा येतो, इथे तो वाचायला कुणी नसतं. साडेचार हजार नोंदी गेल्या म्हणजे शेवटच्या दिवसाची जवळजवळ सगळी मजुरी गेली. एक्सएलएसएक्समध्ये दहा लाखांहून जास्त ओळी मावतात. तेच वापर, आणि कमांड झाल्यावर दोन्हीकडच्या ओळी मोजून जुळव.

सीएसव्ही करायची असेल तर त्याला तीन आकडे सांगायचे असतात, 44, 34, 76. 44 म्हणजे स्वल्पविराम, 34 म्हणजे दुहेरी अवतरण, 76 म्हणजे युटीएफ-8. हा 76 विसरलीस तर मजुरांच्या मराठी नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं येऊ शकतात. एका ऑफिसला गेलेली अशी यादी मी पाहिली आहे. आकडे सगळे बरोबर, आणि नावाच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत प्रश्नचिन्हं. कुणाचे किती पैसे, ते सांगणार कोण?

मूळ फाईल मात्र ओडीटीमध्ये ठेव. ओडीएफ हे खुलं मानक आहे, कुणा एका कंपनीच्या मालकीचं नाही, आणि 2006 पासून आयएसओचंही. केंद्र सरकारनेही 2010 मध्ये ई-प्रशासनासाठी खुल्या मानकांचं धोरण स्वीकारलं. त्यातही 1.2, 1.3 अशी व्हर्जन आहेत. लिब्रेऑफिसमध्ये टूल्स, ऑप्शन्स, लोड/सेव्ह, जनरल इथे ते ठरतं. एकदा बघून ठेव.

हे सगळं डोक्यात ठेवायचं नाही. प्रत्येक कामाची कमांड एका छोट्या स्क्रिप्टमध्ये लिहून ठेव, तिला मराठीत समजेल असं नाव दे, आणि ती छापून ठराव नोंदवहीच्या पहिल्या पानाला चिकटव. खाली लिब्रेऑफिसचं व्हर्जन आणि तारीख लिही. तुझ्या जागी उद्या दुसरी पोर येईल, तिला ते पान बघून काम करता आलं पाहिजे. ग्रामसभेचं काम एका माणसाच्या आठवणीवर अडून राहू नये, मेंढ्याच्या लोकांनी हेच तर इतकी वर्षं सांभाळलं.

सोमवारी ऑफिसात गेलीस की दुसरं काही करू नकोस. जुन्या ठरावांच्या फोल्डरवर आधी ‘फाइल’ कमांड चालव, कोणती डॉक, कोणती डॉकएक्स, कोणती पीडीएफ, आणि पीडीएफ असेल तर कोणत्या व्हर्जनची, याची यादी कर. कृतिदेवच्या फाईली वेगळ्या काढून त्यांच्यापुढे खूण कर. ती यादी मला पाठव. वनहक्काच्या दाव्याला जोडलेले ठराव आपण आधी घेऊ, तेंदूचे नंतर.